जिथे बेदाणा वाळतो, तिथे कूलर चालतो

माझी आत्या आटपाडीला राहते. गेल्या मार्चमध्ये तिने चाकांवर ढकलत नेता येणारा, चाळीस लिटरच्या टाकीचा कूलर घेतला. एप्रिलच्या भर दुपारी तिच्या माजघरात बसलं की बाहेर झळा आहेत यावर विश्वास बसत नव्हता. तिचा थोरला मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, शिराळ्यात नोकरीला आहे. आईच्या घरातला गारवा बघून त्याने मे महिन्याच्या शेवटी अगदी तोच कूलर घेतला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, गार तर होतच नाही, उलट गादी ओली लागतेय. माझ्या गळ्यात खराब माल पडला." त्याने कूलर दुकानात नेला. पंप ठीक निघाला, मोटर ठीक निघाली, पॅड नवे कोरे होते. दुकानदाराने तो तसाच परत दिला.

कूलर खरोखरच चांगला होता. जिल्हाही एकच, सांगली. बिघाड असलाच तर तो हवेत होता, म्हणजे शिराळ्याच्या त्या वेळच्या हवेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरातल्या अशा तक्रारी माझ्याकडे येतात. पण या वेळी त्याला फोनवर समजावताना लक्षात आलं, की हा गोंधळ फक्त आमच्या घरातला नाही. उन्हाळा लागला की सातारा-सांगलीच्या बाजारात कूलरचे ढीग लागतात. माणसं टाकी किती लिटरची, पंखा केवढा, रिमोट आहे का, एवढं विचारतात. आपल्या गावची हवा कशी आहे, हे कुणी विचारत नाही. खरा प्रश्न मात्र तोच आहे.

माठातलं पाणी गार का होतं

कूलरच्या आत फार काही नसतं. खाली पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवणारा छोटा पंप, तीन बाजूंना किंवा पाठीमागे ओले होणारे पॅड आणि मध्ये पंखा. पंखा बाहेरची हवा त्या ओल्या पॅडमधून ओढतो आणि पुढे फेकतो. बर्फ नाही, गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. तरी हवा गार होते, कारण पाणी सुकतं.

पाण्याला सुकायला, म्हणजे वाफ होऊन हवेत मिसळायला, उष्णता लागते. ती ते जवळ जे असेल त्यातून ओढून घेतं. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार वाटतं, कारण स्पिरिट झटकन उडतं आणि जाताना कातडीची उष्णता नेतं. माठ पाझरतो, बाहेरचा ओलावा सुकतो आणि आतलं पाणी गार होतं. अंगणात सडा टाकल्यावर, अंगाला घाम आल्यावर वारं लागलं की हेच घडतं. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच, फक्त तो पाण्याऐवजी हवा गार करतो.

या उष्णतेचं माप मोठं आहे. एक लिटर पाणी सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खेचतं. विजेच्या हिशोबात बसवलं तर ती पाऊण युनिटच्या थोडी खाली भरते. कोरड्या दुपारी एखादा बरा कूलर तासाला चार-पाच लिटर पाणी सुकवतो. म्हणजे दीडशे-दोनशे वॅटच्या पंख्या-पंपावर तो तीन हजार वॅटच्या आसपास उष्णता हवेतून काढतो. हे काम करणारी शक्ती आपल्या मीटरमधून येत नाही, ती हवेच्या कोरडेपणातून येते. कूलरचं खरं इंधन कोरडी हवा आहे, पाणी तिच्यासोबतचं सामान.

आता माठाचा दुसरा अनुभव आठवा. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही. माठ तोच, पाणी तेच. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते, त्यामुळे पाझरलेलं पाणी सुकत नाही. जुलैमध्ये दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, तेही याचमुळे. शिराळ्याच्या कूलरचं दुखणं इथेच आहे.

हवा किती तहानलेली आहे

हवेत मावू शकेल एवढ्या बाष्पापैकी किती बाष्प आत्ता आहे, याची टक्केवारी म्हणजे आर्द्रता. मोबाइलवर तापमानाच्या खाली जो टक्क्यांचा आकडा दिसतो, तो हाच. यात एक खाच आहे. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, त्यामुळे बाष्प तेवढंच राहून ऊन चढलं तरी टक्केवारी घसरते. समजा सकाळी सहाला २२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा दुपारी ३९ अंशांवर पोचली, तर आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर येते. पाणी कुठे गेलेलं नाही, फक्त भांडं मोठं झालं. म्हणून सकाळचा आकडा पाहून कूलरचा निर्णय करू नये. दुपारी दोन-तीनचा आकडा बघावा.

याहून नेमका निकाल घरीच लावता येतो, आणि माझ्या मते प्रत्येक घराने तो कूलर घ्यायच्या आधी लावावा. भिंतीवर टांगायचे दोन साधे, सारखे थर्मामीटर आणा. तापाचा चालणार नाही, त्याचे आकडे पस्तिसाच्या आसपास सुरू होतात. एकाच्या खालच्या फुग्याला मऊ सुती फडक्याची पट्टी गुंडाळून ती साध्या पाण्यात भिजवा. दोन्ही सावलीत टांगा आणि समोर पंखा लावा. पाच-दहा मिनिटांत ओल्या फडक्याचा थर्मामीटर खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. हवामानशास्त्रात याला वेट बल्ब तापमान म्हणतात. आपण त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. कूलर कितीही महागाचा असो, तो हवेला या आकड्याच्या खाली नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात तो दोन थर्मामीटरमधल्या अंतराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापतो.

आकडे घालून बघू. दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं २२ अंशांच्या आसपास थांबतं. अंतर अठराचं. त्याचा तीन चतुर्थांश म्हणजे साडेतेरा. कूलरच्या तोंडाशी हवा २६-२७ अंशांची मिळेल. आत्याच्या माजघरातला गारवा हाच. आता मेअखेरीची शिराळ्याची दुपार धरा, ३४ अंश आणि ६० टक्के. ओलं फडकं साडेसत्तावीसवर थांबेल. अंतर जेमतेम साडेसहा. कूलरमधून २९ अंशांची, आणि नव्वद टक्क्यांच्या घरात आर्द्रता असलेली हवा बाहेर येईल. थर्मामीटरवर पाच अंश उतरलेले दिसतील, पण अंगावरचा घाम सुकणार नाही. चिकचिक होईल आणि चादर ओलसर लागेल. बाहेर कमी ऊन असूनही आतेभावाची खोली आत्याच्या खोलीपेक्षा जास्त उकडत होती, त्यामागे हे गणित आहे.

बेदाण्याची हवा

थर्मामीटरची खटपट नको असेल, तर आपल्या भागात याहून जुनी खूण आहे. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, नागजच्या बाजूला माळावर बेदाण्याची शेडं उभी दिसतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं पसरलेली असतात, आणि बाजूंनी शेड मोकळं ठेवलेलं असतं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उरलेलं तीन किलो बहुतेक पाणीच, ते कोरडं वारं उचलून नेतं. ही शेडं कोकणात का नाहीत आणि महाबळेश्वरच्या पायथ्याशी का नाहीत? तिथलं वारं तेवढं पाणी उचलू शकत नाही म्हणून. बेदाणा करणारा शेतकरी ढग आले, वारं दमट झालं की अस्वस्थ होतो, माल काळा पडण्याची धास्ती असते. त्याच्या काळजीचा दिवस तो कूलरचाही वाईट दिवस. जे वारं द्राक्षाचा बेदाणा करतं, तेच वारं कूलरचं पॅड सुकवून आपलं घर गार करतं.

या मापाने दोन्ही जिल्हे डोळ्यांसमोर आणले, की पश्चिमेकडून पूर्वेकडे एक उतार दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दहिवडी, म्हसवड, वडूज, आटपाडी, विटा, जत हा पट्टा कूलरसाठी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये तर सातारा, कराड, वाई, मिरज, सांगलीतही भर दुपार बरीच कोरडी असते आणि कूलर आपलं काम करतो. कृष्णाकाठी, उसाच्या पाणी दिलेल्या फडांमध्ये असलेल्या घरांना थोडा कमी गारवा मिळेल, कारण ऊसही दिवसभर हवेत पाणी सोडत असतो. पाटण, जावळी, शिराळा या सह्याद्रीला लागून असलेल्या भागात समुद्रावरून येणारं दमट वारं घाट चढून येतं. तिथे मे महिन्यात कूलरच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. छताचा पंखा आणि मोकळ्या खिडक्या तिथे जास्त सुख देतात.

विदर्भातल्या माणसाला यातलं काही शिकवावं लागत नाही. नागपूर-अकोल्याकडे होळी झाली की खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर चढतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आहे ती ‘खिडकीबाहेर’ या शब्दात. आपल्याकडे ती हमखास चुकते.

"खिडकी उघडी ठेवली तर गरम हवा आत येणार नाही का?"

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आपण एसीची शिस्त कूलरला लावतो. दार लावा, पडदे ओढा, गारवा बाहेर जाऊ देऊ नका. एसीसाठी ते योग्यच आहे. कूलरसाठी ते घातक आहे, आणि का, ते मोजून दाखवता येतं.

दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात बाराशे घनफूट, म्हणजे सुमारे चौतीस घनमीटर हवा असते. दुपारच्या ३८ अंशांच्या कोरड्या हवेत, २५ टक्के आर्द्रता धरली तर, त्या खोलीत मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास बाष्प असेल. खोली ३० अंशांवर आली, तर तिच्यात जास्तीत जास्त एक किलोच्या आसपास बाष्प मावतं. म्हणजे सगळं दार-खिडक्या बंद करून कूलर लावला, तर तो अर्धा-पाऊण लिटर पाणी सुकवेल आणि खोली भरून जाईल. तासाला चार-पाच लिटर सुकवणाऱ्या कूलरला त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पहिली पंधरा मिनिटं झकास गार वाटतं आणि मग खोली कोंदट होते. "आधी बरा चालला, मग बिघडला" असं लोक सांगतात, ते याच पंधरा मिनिटांबद्दल. बंद खोलीत तो आपलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. पिळून न घेतलेल्या फडक्याने फरशी पुसत राहावं तसं ते होतं.

म्हणून कूलरची पाठ उघड्या खिडकीला लावायची. खिडकीतून येणारी बाहेरची कोरडी हवाच पॅडमध्ये गेली पाहिजे. चाकं आहेत म्हणून तो पलंगाशेजारी खोलीच्या मधोमध ओढून आणण्याचा मोह होतो, पण तिथे तो पाठीमागची खोलीतलीच हवा ओढतो. लांबून वारं लागलं तरी चालेल, पाठ खिडकीलाच हवी. आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर पडायला वाट हवी, एखादी खिडकी किंवा दाराची फट, मिळून एक-दीड चौरस फुटाची. वाट बरोबर आहे का, हे बघायला त्या फटीशी सुताचा दोरा धरा. दोरा बाहेरच्या दिशेला उडाला तर सगळं ठीक. आत आला तर वाट जास्त मोठी आहे किंवा दुसरीकडून वारं घुसतंय. दोरा लोंबकळतच राहिला तर हवा तुंबली आहे.

राहिली गरम हवा आत येण्याची भीती. पंखा खोलीत हवा लोटत असतो, त्यामुळे खोलीत बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब असतो आणि समोरच्या फटीतून हवा बाहेरच जाते. पाठीमागच्या खिडकीतून येते ती गरमच, पण पॅडमधून, गार होऊन. खिडकीतली कूलरच्या कडेची मोकळी जागा पुठ्ठ्याने किंवा जुन्या चादरीने झाका, म्हणजे तिथून झळ सरळ आत येणार नाही.

"याला पाणी फार लागतं"

ही तक्रार मी उलटी वाचतो. टाकीतलं पाणी उतरलं, तेवढाच गारवा घरात आला. रात्रभर कूलर चालून सकाळी टाकी जवळजवळ तशीच भरलेली असेल, तर त्या रात्री फक्त पंखा चालला, असं समजा. आतेभावाला मी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "दिवसाला किती बादल्या ओततोस?" तो म्हणाला, "एक, तीही पुरून उरते." तिथेच निदान झालं.

पण आटपाडी किंवा जतच्या माणसाच्या तोंडी ही तक्रार येते तेव्हा तिला वेगळं वजन असतं, ते मी विसरत नाही. आठ-नऊ तास कूलर चालवायचा तर तीस-पस्तीस लिटर पाणी जातं, म्हणजे तीनेक हंडे. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी शिवारात आलं म्हणून प्रत्येक वाडीत उन्हाळ्यात नळ धो धो वाहतो, असं नाही. टँकरवर अवलंबून असलेल्या घराला तीन हंडे हा मोठा खर्च आहे. अशा घराने दिवसभर कूलर न चालवता दुपारी बारा ते पाच एवढाच चालवावा आणि तोही सगळी माणसं बसतात त्या एकाच खोलीत. भाजी धुतलेलं, कपडे खंगाळलेलं पाणी मात्र टाकीत घालू नये. पॅड कुजतं, आणि त्याचा वास आपल्याच श्वासात येतो.

पाण्याच्या जातीचाही प्रश्न आहे. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार धरले, तर पस्तीस लिटरमागे पस्तीस ग्रॅम. महिन्याभरात एक किलोभर पांढरा थर पॅडवर, जाळीवर आणि पंपात बसेल. पॅडची भोकं बुजतात, हवा कमी येते आणि लोक म्हणतात कूलर जुना झाला. उपाय सोपा आहे. दर दोन-तीन दिवसांनी टाकीतलं तळाचं पाणी पूर्ण काढून टाका, कारण क्षार त्यात साठत जातात. ते पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका, संडासात वापरा. थर बसलाच तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून पंप त्यावर तासभर फिरवा आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. गवताचे, म्हणजे लाकडाच्या कीसाचे पॅड असतील तर ते दर मोसमाला बदलावेत. ते स्वस्त असतात आणि क्षार बसलेले धुण्यात अर्थ नसतो. मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड काही मोसम टिकतात, पण क्षाराच्या पाण्याने त्यांचंही आयुष्य निम्म्यावर येतं.

"टाकीत बर्फ टाकला तर?"

बर्फासाठी वेगळा कप्पा असल्याची जाहिरात बहुतेक कूलरवर असते. त्यातून मिळणारा फायदा बघू. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, एक लिटर पाणी सुकताना घेतं त्याच्या सातवा हिस्सा. फ्रीजमधल्या दोन ट्रे मिळून अर्धा किलो बर्फ होतो. तेवढी उष्णता कूलर कोरड्या दुपारी साधारण मिनिटाभरात पाणी सुकवूनच काढतो. वर, तो बर्फ करताना फ्रीजने मागच्या जाळीतून आपल्याच स्वयंपाकघरात उष्णता सोडलेली असते. दमट दिवशी पाणी सुकतच नाही, तेव्हा बर्फाने थोडा वेळ बरं वाटेल, पण तासाला किलोभर बर्फ कोण घालणार? तो सरबतात घालावा.

टेबलावर ठेवायचा छोटा कूलर

मोबाइलच्या चार्जरवर चालणारे, तांब्याएवढे डबे ‘खोली गार करतो’ म्हणून विकले जातात. त्यांना या एकाच कसोटीवर घासा. अर्ध्या लिटरची टाकी चार तास पुरते, असं खोक्यावर लिहिलेलं असेल, तर तो तासाला सव्वाशे मिलिलिटर पाणी सुकवतो. त्यातून मिळणारा गारवा पंच्याऐंशी वॅटच्या आसपास. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातूनच शंभरेक वॅट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे हा डबा खोलीत बसलेल्या एका माणसाचीही उष्णता पुरती काढू शकत नाही. तोंडासमोर हातभर अंतरावर ठेवला तर चेहऱ्याला गार झुळूक लागेल. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवून पैसे घालवू नयेत, असं मी अगदी कळकळीने सांगतो, कारण हे डबे बहुतेक वेळा म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घेतले जातात.

खोलीसाठी कूलर घेताना टाकीच्या लिटरपेक्षा तो तासाला किती हवा फेकतो हे बघा. तो आकडा खोक्यावर घनमीटरमध्ये असतो. दहा बाय बाराच्या खोलीसाठी तो हजाराच्या आसपास असावा. टाकी मोठी असली तर फक्त पाणी ओतायच्या खेपा कमी होतात.

"मग सरळ एसीच का घेऊ नये?"

ऐपत असेल आणि घर तसं असेल तर जरूर घ्यावा. दोन्ही यंत्रं उलट्या वाटेने जातात, एवढं लक्षात ठेवा. एसीच्या पाइपमधून पाणी बाहेर टपकतं, कारण तो हवेतला ओलावा काढून टाकतो. कूलरमध्ये पाणी आपण ओततो, तो हवेत ओलावा घालतो. म्हणून दोन्ही एका खोलीत एकाच वेळी लावू नयेत. एक घालत राहील आणि दुसरा वीज खाऊन काढत राहील.

कूलर एसीची बरोबरी करतो, असं मी म्हणणार नाही. त्याने गार केलेल्या हवेतला बराच गारवा समोरच्या खिडकीतून निघून जातो, ते त्याच्या स्वभावातच आहे. खोली २४ अंशांवर बांधून ठेवणं त्याला जमत नाही. पण आठ तासांना तो सव्वा-दीड युनिट वीज घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या कितीतरी पट. वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. पत्र्याच्या घरात, जिथे हवा कोंडून ठेवणं शक्यच नसतं, तिथे एसी हरतो आणि कूलर तग धरतो. माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये मार्च-एप्रिलसाठी माझी पसंती कूलरलाच आहे.

डास आणि शॉक

इथे मी आग्रही होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, हे आरोग्य खात्याचं सांगणं कूलरच्या टाकीला तंतोतंत लागू आहे. फक्त पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी टाकीच्या कडांना चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने जिवंत असतात. म्हणून घासणीने कडा घासा आणि टाकी उन्हात वाळवा. मोसम संपल्यावर कूलर माळ्यावर टाकण्याआधीही हेच करा.

आणि शॉक. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र असलेलं हे यंत्र ओल्या फरशीवर, अनवाणी माणसाच्या हाताशी असतं. कूलरला चिकटून माणूस गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यात लहान मुलं असतात. पाणी ओतण्याआधी बटण बंद करून पिनही काढा. तीन पिनांचीच वायर वापरा आणि घरात अर्थिंग खरोखर आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं पण त्यामागे तार नसते. मेन स्विचपाशी तीस मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवायला लागणारा खर्च कूलरच्या किमतीपुढे फार नाही. तो आधी बसवा, कूलर नंतर घ्या.

अंगावरचा कूलर

आपलं शरीरही घाम सुकवूनच गार राहतं. म्हणून कोंदट केलेल्या खोलीत म्हातारं माणूस झोपवणं उघड्या ओसरीपेक्षा वाईट ठरू शकतं. थर्मामीटर कमी दाखवतो, पण घाम सुकत नाही. हवामान खातं ‘उष्णतेची लाट’ आणि ‘उष्ण व दमट हवामान’ असे दोन वेगळे इशारे देतं, त्यामागे हाच फरक आहे. पहिल्यात कूलर लावा, दुसऱ्यात त्याचा पंप बंद ठेवा.

उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडत राहा आणि जोरात वारा घाला. ओलं अंग आणि वारा, दुसरं काय असतं कूलरमध्ये? शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पंप कधी बंद करायचा

बहुतेक कूलरना पंपाचं बटण वेगळं असतं आणि बहुतेक घरांत ते मार्चमध्ये चालू झालं की जूनपर्यंत बंद होत नाही. रात्र चढते तशी हवा गार होते, भांडं लहान होतं आणि आर्द्रतेची टक्केवारी वर जाते. माणदेशातसुद्धा पहाटे तीन-चारला पंपाची गरज राहत नाही. तेव्हा बाहेरची हवाच गार असते, नुसता पंखा ती आत आणतो. सकाळी घर तापायच्या आत, दहा-अकराला पंप चालू करा. भिंती आणि स्लॅब एकदा तापले की त्यांना निववायला कूलरला संध्याकाळ होते.

वळवाचा पाऊस पडून गेला, मातीचा वास सुटला, की दोन-तीन दिवस पंपाला हात लावू नका. आत्या आता अंगणातल्या दोरीवरून ठरवते. सकाळी वाळत घातलेलं जाड सोलापुरी पांघरूण दुपारी बारापर्यंत वाळलं तर पंप चालू, नाहीतर नुसता पंखा. आतेभावाचा कूलर जूनमध्ये टाकी घासून, वाळवून, पिशवीत बांधून आटपाडीला आला. आत्याच्या वरच्या खोलीत तो या मार्चपासून उत्तम चालतोय आणि दिवसाला तीन हंडे पाणी पितोय.